समाजकार्याचे दूरस्थ व ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण : ग्रामीण विदर्भ

समाजकार्य विषयातील एम.एस.डब्ल्यू. ही पदव्युत्तर पदवी नियमित महाविद्यालयात न जाता, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रामार्फत किंवा इंटरनेटवरून मिळवण्याची पद्धत. विदर्भाच्या खेड्यांत या शिक्षणाकडे प्रामुख्याने आधीपासून लोकांत वावरणारी माणसे वळतात : आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील समूह संसाधन व्यक्ती (बचतगटांना मार्गदर्शन करणाऱ्या), स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, समुपदेशन केंद्रांतील कंत्राटी कर्मचारी आणि लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या पदवीधर स्त्रिया.

पूर्वपीठिका : भारतातील व्यावसायिक समाजकार्य-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः १९३६ पासून धरतात. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. नागपाड्यातील वस्तीकेंद्र चालवणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शर्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ मध्ये संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. काही अभ्यासक हा आरंभ आणखी मागे नेतात व ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कार्यकर्त्यांना दिलेल्या प्रशिक्षणाकडे निर्देश करतात. ते प्रशिक्षण अल्प मुदतीचे होते. पदवी वा पदविकेची चौकट त्याला नव्हती, म्हणून १९३६ हेच वर्ष सोयीचे ठरते.

विदर्भापुरता मात्र हा प्रश्न इतक्यावर मिटत नाही. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत ग्रामसेवकांचे शिक्षण सुरू झाले. १९३६ मध्ये, म्हणजे मुंबईचे स्कूल उघडले त्याच वर्षी, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. मनोहर दिवाण यांचे दत्तपूरचे कुष्ठसेवेचे कामही त्याच सुमारास उभे राहिले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम ही हस्तोद्योगातून शिकवणारी शिक्षणपद्धती आली आणि १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवनाची पायाभरणी केली. एका मतानुसार या प्रदेशातील समाजकार्य-शिक्षणाचे मूळ या रचनात्मक कार्यातच आहे आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रम हा त्यावर नंतर चढलेला थर होय. दुसरे मत असे, की रचनात्मक कार्याने कार्यकर्त्याला निष्ठा आणि खेड्यातला मुक्काम दिला; परंतु व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती व त्यांची देखरेखीखालील तालीम मुंबईच्या परंपरेतून आली. नागपुरात १९५८ च्या सुमारास मातृसेवा संघाने समाजकार्याची संस्था काढली, तेव्हा ती परंपरा विदर्भात पोचली. कमलाताई होस्पेट यांचा मातृसेवा संघ स्वतः १९२१ पासूनचा, म्हणजे वर्ध्याच्या प्रयोगांच्याही आधीचा आहे.

अभ्यासक्रमाची रचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पण पहिल्या मताने दाखवलेला फरक आजही उपयोगी पडतो. वर्ध्याचा शिकाऊ ग्रामसेवक खेड्यात राहत असे. महाविद्यालयाचा विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस तिथे जाऊन येतो. दूरस्थ पद्धतीने शिकणारी यवतमाळ जिल्ह्यातली आशा स्वयंसेविका राहणीने पहिल्याच्या जवळची आणि अभ्यासक्रमाने दुसऱ्याची आहे.

दूरस्थ शिक्षणाचा प्रवेश : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची (इग्नू) स्थापना १९८५ ची, त्याची समाजकार्य विद्याशाखा २००७ मधली. एम.एस.डब्ल्यू. तिथे साधारण त्यानंतर लगेच सुरू झाल्याचे दिसते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश, किमान दोन व कमाल चार वर्षे मुदत, हिंदी व इंग्रजी माध्यम ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही (स्थापना १९९७) समाजकार्य शिकवले जाते.

कायदेशीर स्थिती : बोलताना सगळ्यालाच ‘ऑनलाइन एमएसडब्ल्यू’ म्हणतात, नियमांत मात्र दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्हींना विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२० ची नियमावली लागू आहे. दूरस्थ प्रकारात पुस्तके, अभ्यासकेंद्र व संपर्कसत्रे असतात. ऑनलाइन प्रकारात चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चामंच व स्वयंमूल्यमापन अशी चार अंगे अपेक्षित असतात. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती प्रत्येक अभ्यासक्रमाला, त्या त्या प्रकारासाठी व ठरावीक सत्रांसाठी मिळते. ही बाब प्रवेश घेणाऱ्याने नीट तपासावी, कारण तालुक्याच्या ठिकाणी प्रवेश करून देणारे मध्यस्थ विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवतात आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेचे पान दाखवत नाहीत. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर वर्षवार यादी असते. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतः त्या संकेतस्थळावर डेब-आयडी, म्हणजे या मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट) साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा, क्रमांक लागतो. मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

एक गुंतागुंत अलीकडची आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन चालवू नयेत, असे आयोगाने ठरवले. त्या वेळी मानसशास्त्र, पोषणशास्त्र अशी नावे घेतली गेली, सर्वसाधारण एम.एस.डब्ल्यू. त्यांत नव्हते. तरीही वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्याचे विशेषीकरण घेऊ पाहणाऱ्याने चालू सत्राची यादी पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.

क्षेत्रकार्य : या शिक्षणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप इथला आहे. समाजकार्य वाचून येत नाही, करून व त्यावर कोणी प्रश्न विचारल्याने येते, असे सर्व परंपरा मानतात. नियमित महाविद्यालयात आठवड्याला दोन दिवस क्षेत्रकार्य (वस्तीत वा संस्थेत प्रत्यक्ष काम), दर आठवड्याला पर्यवेक्षकाशी व्यक्तिगत चर्चा, गटचर्चा, ग्रामीण शिबिर आणि शेवटी सलग प्रशिक्षण असा क्रम असतो. दूरस्थ अभ्यासक्रमांतही क्षेत्रकार्याला स्वतंत्र श्रेयांक आहेत आणि ते टाळता येत नाही. विद्यार्थी जवळची संस्था निवडतो, पर्यवेक्षक नेमला जातो, नोंदवही तपासली जाते. आक्षेप घेणारे म्हणतात, की हे सारे कागदावर उरते. समर्थक म्हणतात, की विद्यार्थी आधीच क्षेत्रात आहे.

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण विदर्भाच्या बाबतीत प्रश्न वेगळा मांडला पाहिजे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. इथे क्षेत्राची टंचाई नाही. शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबे, मेळघाटातील कुपोषण, झरी-जामणी व केळापूर भागातील कोलाम आदिवासींचे पोड (वस्त्या), गडचिरोलीतील वनहक्कांचे दावे हे सारे विद्यार्थ्याच्या दाराशी आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा कशी चालते हे शिकायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. टंचाई आहे ती पर्यवेक्षकाची. एम.एस.डब्ल्यू. झालेला, अनुभवी आणि विद्यार्थ्याची नोंद वाचून त्याच्याशी तासभर बोलणारा माणूस बहुधा जिल्ह्याच्या गावी असतो, आणि तिथे जाऊन यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते.

हा फरक नोंदवहीत लगेच कळतो. ‘अंगणवाडीला भेट दिली. सेविकेकडून माहिती घेतली. बालकांचे निरीक्षण केले.’ अशी नोंद शंभर नोंदवह्यांत सापडेल. देखरेखीत लिहिलेली नोंद अशी असू शकते : ‘दोन वर्षांच्या मुलीचे वजन सलग दोन महिने वाढलेले नाही. आई पहाटे कापूस वेचायला जाते, मुलगी आजीजवळ. आजीला दिसायला कमी. घरी पोषण आहाराचे पाकीट होते, पण ते मोठ्या मुलांनी खाल्ले. मी आईला दोष दिल्यासारखे बोललो, ती गप्प झाली. पुढच्या वेळी आजीशी आधी बोलायचे.’ (नोंद नमुन्यादाखल.) शेवटची दोन वाक्ये पर्यवेक्षकाने विचारल्याशिवाय सहसा लिहिली जात नाहीत. हा संवाद व्हिडिओ कॉलवर होऊ शकतो. ऑनलाइन पद्धतीचा खरा फायदा व्याख्यानांपेक्षा इथे आहे, आणि त्याचाच वापर सर्वांत कमी होतो.

दुसरी अडचण नात्यांची. आशा स्वयंसेविका स्वतःच्याच गावात क्षेत्रकार्य करते तेव्हा ती कोणाची सून, कोणाची वहिनी असते. गोपनीयता राखणे, सासरच्या नातेवाइकाच्या घरातील मारहाणीची नोंद करणे या गोष्टी पुस्तकात सांगितल्या तितक्या सरळ उरत नाहीत. म्हणून निदान एक वर्ष शेजारच्या गावात काम करावे, असा सल्ला अनुभवी पर्यवेक्षक देतात, आणि तो योग्य आहे.

हंगाम आणि परीक्षा : इग्नूचे प्रवेश जानेवारी व जुलैत, सत्रांत परीक्षा जून व डिसेंबरात. जुलैत डवरणी-निंदणाची घाई असते आणि घरातला पैसा बी-बियाणे, खतात गेलेला असतो. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते. गुणांपैकी साधारण ३० टक्के स्वाध्यायांवर व ७० टक्के परीक्षेवर असतात. स्वाध्याय हाताने लिहून वेळेत द्यायचे, ते सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत राहून गेले की परीक्षेलाच अडथळा येतो.

साहित्य व भाषा : इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोश या त्याच्या ऑनलाइन संग्रहावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, ‘रेंज’ असलेल्या ठिकाणी एकदा उतरवली की पुढे नेट लागत नाही. गडचिरोलीतील भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे याचे मोल मोठे. हिंदी साहित्य विदर्भातील वाचकाला जड जात नाही, पण उत्तरे हिंदीत लिहिताना ‘ग्रामसंघ’, ‘तंटामुक्ती’, ‘पोड’ यांसारखे रोजचे शब्द गळून पडतात आणि लेखन पुस्तकी होते. मराठीतील पदव्युत्तर पातळीचे स्वयंअध्ययन साहित्य तुटपुंजे आहे. माडिया आणि कोरकू भाषकांसाठी तर हिंदी व मराठी या दोन्ही शिकलेल्याच भाषा होत.

पदवीनंतर : जिल्हा बालसंरक्षण कक्ष, समुपदेशन केंद्रे, रुग्णालये, ‘उमेद’ व ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांतील पदांसाठी एम.एस.डब्ल्यू. मागितली जाते, यांतील पुष्कळ पदे कंत्राटी असतात. अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते व त्यासाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. केवळ उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास करणाऱ्यांची वाट इथे अडते. मनोरुग्ण समाजकार्यकर्ता म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली काम करायचे असल्यास एम.एस.डब्ल्यू. पुरत नाही, दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण असलेले एम.फिल. लागते.