सीमांत घर्षण : पुस्तकातल्या एका ओळीमागची अडीचशे वर्षे

10 किलोचा लाकडी ठोकळा सपाट टेबलावर आहे आणि घर्षणांक (घर्षणाची कमाल मर्यादा दाबणाऱ्या बलाच्या किती पट, तो आकडा) 0.4 आहे असं धरू. घर्षणाची कमाल मर्यादा साधारण 39 न्यूटन येते. आता ठोकळा 15 न्यूटन बलाने ढकलला तर घर्षण किती? उत्तर 15 न्यूटन. 39 लिहून गुण घालवणारे दरवर्षी असतातच. ठोकळा हलत नाही तोवर घर्षण लावलेल्या बलाइतकंच असतं. घर्षणांक आणि लंब प्रतिक्रिया (टेबल ठोकळ्याला वर ढकलतं ते बल, इथे त्याच्या वजनाइतकं) यांचा गुणाकार कामी येतो तो ठोकळा सरकण्याच्या अगदी बेतात असतानाच. ही वरची मर्यादा म्हणजे सीमांत घर्षण. पुस्तकात ते एका ओळीत उरकतं, पण ती ओळ सरळपणे हाती आलेली नाही.

लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत घर्षणाचे दोन नियम टिपून ठेवले होते: वजन दुप्पट केलं की विरोधही दुप्पट होतो, आणि ठोकळा रुंद बाजूवर ठेवला काय किंवा अरुंद बाजूवर, विरोध तेवढाच राहतो. या वह्या त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा कुणाला उपयोग झाला नाही.

1699 मध्ये गियोम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हेच नियम नव्याने मांडले. पृष्ठभाग एकमेकांवर दाबायला आणि ओढण्याचं बल मोजायला त्याने स्प्रिंगा वापरल्या. तांबं, लोखंड, शिसं, लाकूड, काहीही घ्या, घर्षण दाबणाऱ्या बलाच्या साधारण एक तृतीयांश! हा आकडा सगळीकडे सारखाच कसा, याचं गुपित चरबीत आहे. त्याने सगळ्या पृष्ठभागांना डुकराची चरबी फासली होती, म्हणजे धातू आणि लाकडापेक्षा त्या थराचंच घर्षण बऱ्याच अंशी मोजलं जात होतं. अकादमीला खटकली ती क्षेत्रफळाची गोष्ट. जास्त जागा टेकली तर जास्त अडायला नको का? शंका रास्तच होती. अकादमीतल्याच फिलिप द ला हिरने प्रयोग करून पाहिला, तेव्हा आमाँताँचं म्हणणं खरं निघालं. कारण मात्र कुणालाच नीट सांगता आलं नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यावर गणिती लिओनार्ड ऑयलरने उतरणीवरून फार सुरेख निरीक्षण केलं. फळी हळूहळू तिरपी करत नेली की एका कोनाला ठोकळा सुटतो, आणि त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक (0.4 साठी कोन जवळपास 22 अंश). सुटण्याआधी आणि सुटल्यावर घर्षण सारखंच असतं, तर त्या कोनापेक्षा जरा जास्त तिरप्या फळीवरून ठोकळा अगदी संथ घसरला असता. प्रत्यक्षात तो झपकन निसटतो. म्हणजे चालू झाल्यावर घर्षण कमी होत असणार. स्थितिक (थांबलेल्या वस्तूवरचं) आणि गतिक (सरकत्या वस्तूवरचं) घर्षणातला फरक इथे गणितात उतरला.

पुढे शार्ल कूलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने फ्रान्समधल्या रॉशफोरच्या नौदल गोदीत प्रयोग केले आणि 1781 मध्ये अकादमीचं पारितोषिक पटकावलं. त्याला एक अडचणीची गोष्टही दिसली: लाकडावर लाकूड जितका वेळ नुसतं पडून राहील, तितकं ते सोडवायला जास्त बल लागतं. ही वाढ आधी झपाट्याने, मग संथपणे होते. शाळेतलं सूत्र हे सोयीस्करपणे वगळतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

कूलाँचं स्पष्टीकरण असं, की पृष्ठभागावरचे खडबडीत उंचवटे एकमेकांत अडकतात आणि ते चढून जावं लागतं. 1804 मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्लीने त्यावर बोट ठेवलं: चढाला खर्ची पडलेलं उताराला परत मिळायला हवं, मग घर्षणात ऊर्जा जाते कुठे?

उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दाखवलं की दोन धातू एकमेकांना फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी किरकोळ भाग असतो. दाब वाढला की टोकं चेपतात आणि खरं स्पर्शक्षेत्र दाबाच्या प्रमाणात वाढतं. टोकांशी जुळलेले सांधे तोडायला बल लागतं, तेच घर्षण. ठोकळा रुंद बाजूवर ठेवला तर टेकणारी टोकं जास्त, पण प्रत्येकावर दाब कमी, बेरीज तीच. 1950 च्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर आलं आणि अकादमीच्या सभासदांची शंका अडीचशे वर्षांनी मिटली. मऊ रबर किंवा चिकटपट्टी मात्र आजही या नियमांना जुमानत नाही, कारण तिथे खरं स्पर्शक्षेत्र दाबाच्या प्रमाणात वाढत नाही.