स्विस ट्रॅव्हल पास की हाफ फेअर कार्ड?

स्वित्झर्लंडला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. जाऊन आलेली मावशी सांगते, "स्विस पास काढा, मग तिकिटाकडे बघायलाच नको." झ्युरिकला नोकरी करणारा भाचा सांगतो, "पास कशाला? हाफ फेअर घे, मी तेच वापरतो." दोघंही मनापासून सांगतात आणि दोघांचंही खरं असतं. पण भाच्याच्या खिशातलं कार्ड म्हणजे तिथल्या रहिवाशांचं वर्षभराचं 'हाल्बटॅक्स'. आपल्याला मिळतं ते पर्यटकांसाठीचं, एका महिन्याचं. सवलत तीच, पण कार्ड ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, त्यामुळे भाच्याचं आपल्या उपयोगाचं नाही.

तर पास म्हणजे काय? तुम्ही ठरवलेले सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवस रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी आणि शहरातल्या ट्राम यांत हवं तेव्हा चढा, हवं तिथे उतरा. आपल्या लोकलच्या पाससारखा, फक्त दोन स्टेशनांपुरता नाही, जवळपास देशभराचा. वर पाचशेहून अधिक संग्रहालयांत मोफत प्रवेश, माँत्रोजवळचा शियाँचा किल्लाही त्यातच. हाफ फेअर कार्ड म्हणजे एसटीतल्या अर्ध्या तिकिटासारखं: प्रवास फुकट नाही, पण महिनाभर जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्यात.

आता हिशेब. इथे मी २०२४ चे दुसऱ्या वर्गाचे दर धरते. तुम्ही निघाल तेव्हाचे आकडे बघून घ्या, रीत तीच राहील. कार्ड १२० फ्रँकचं. पास ३ दिवसांचा २४४, ४ दिवसांचा २९५, ६ दिवसांचा ३७९, ८ दिवसांचा ४१९ आणि १५ दिवसांचा ४५९. पासच्या किमतीतून १२० वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा. जो आकडा येईल त्याहून जास्त रकमेची पूर्ण दराची तिकिटं तुमच्या प्रवासात बसत असतील तरच पास परवडतो. ६ दिवसांसाठी हा आकडा ५१८ येतो, म्हणजे रोज ८६ फ्रँकचा प्रवास. १५ दिवसांसाठी ६७८, म्हणजे रोज फक्त ४५. म्हणून पास लांबच्या मुक्कामाला स्वस्त पडत जातो. चार-सहा दिवसांच्या सहलीत त्याची किंमत वसूल करायला बरंच फिरावं लागतं.

आपल्याकडच्या मंडळींचा नेहमीचा सहा दिवसांचा बेत घ्या. झ्युरिक विमानतळ ते लुझर्न साधारण ३०, लुझर्नहून टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्गला जाऊन येऊन चाळिसाच्या आत, लुझर्न ते इंटरलाकेन ३५ च्या आसपास, तिथून परत झ्युरिकला सत्तर-पंचाहत्तर. सगळं मिळून १८० च्या आसपास, स्थानिक बस-बोटी धरल्या तरी अडीचशे. ५१८ च्या जवळपासही नाही. तरी घरोघरी सहा दिवसांचा पास काढला जातो आणि माणशी सव्वाशे-दीडशे फ्रँक जास्त जातात. फ्रँकला शंभर रुपये धरा आणि चौघांचा गुणाकार करा. एवढ्या पैशात एखाद्या दिवसाचं राहणं निघतं, म्हणून मला ही चूक फार लागते.

आणि या बेतातले डोंगर मी अजून धरलेलेच नाहीत. मुद्दामच. टिटलिस, पिलाटुस, गोर्नरग्राट इथे पासवर ५० टक्के सूट आणि कार्डावरही ५० टक्के. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे तुलनेतून हे डोंगर बाद. "पासवर टिटलिसला अर्धी सूट आहे" हे पास घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

दोन अपवाद मात्र पारडं फिरवतात. पहिला युंगफ्राउयोख, ३४५४ मीटरवरचं स्टेशन. इंटरलाकेनहून जाऊन येण्याचं पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. पासधारकाला वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत काही द्यावं लागत नाही, पण पुढच्या महागड्या टप्प्यावर त्याला सूट फक्त २५ टक्के. कार्डवाल्याला तिथेही ५०. पूर्ण पास घेऊन वर जाणाऱ्याला इथे जास्त मोजावे लागतात, हे पुष्कळांना तिकीट खिडकीशीच कळतं.

दुसरा अपवाद उलट्या बाजूचा आहे आणि माझ्या जास्त आवडीचा. रिगी, स्टान्सरहॉर्न आणि स्टूस हे तिन्ही डोंगर पासमध्ये पूर्ण मोफत. रिगीवर फिट्सनाउहून चढणारी दातेरी रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. स्टान्सरहॉर्नच्या केबल कारला वर उघडा मजला आहे. स्टूसची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे, जगातली सर्वांत उभ्या चढाची. यातला प्रत्येक डोंगर लुझर्नहून एका दिवसात होतो. रिगी आणि स्टान्सरहॉर्नची पूर्ण तिकिटंच प्रत्येकी सत्तर-ऐंशीच्या घरात, त्यात रिगीसाठी तलावातली बोट धरा. लुझर्नला तळ ठोकून तीन दिवसांत हे तीन डोंगर करायचे असतील तर डोळे मिटून तीन दिवसांचा पास घ्या. बर्फाचा हट्ट नसेल तर आई-बाबांना घेऊन मी हाच बेत करीन.

सोळा ते चोवीस वयाच्या मुलांना पास ३० टक्के स्वस्त मिळतो, त्यांचा हिशेब वेगळा मांडा. सहा ते पंधरा वर्षांची मुलं आई किंवा वडील बरोबर असतील तर फॅमिली कार्डावर फुकट फिरतात आणि ते कार्ड पास घ्या की हाफ फेअर, दोन्हींबरोबर विनामूल्य मिळतं. ते आठवणीने मागून घ्या.

हाफ फेअर घेतलंत तर ते बरोबर असणं म्हणजे तिकीट असणं नव्हे. प्रत्येक वेळी गाडीत चढण्याआधी तिकीट काढायचं. एसबीबी म्हणजे स्विस रेल्वेच्या अॅपमध्ये प्रवाशाच्या नावापुढे सवलत म्हणून हाफ फेअर निवडायचं, मशीनवर १/२ निवडायचं. विनातिकीट सापडलात तर दंड जबर आहे. एखाद्याच दिवशी खूप लांब फिरायचं असेल तर त्या दिवसापुरता सेव्हर डे पास बघा. हाफ फेअरवाल्यांना तो लवकर काढल्यास २९ फ्रँकपासून मिळतो, सहा महिने आधी विक्री सुरू होते आणि तारीख जवळ येते तसा महाग होत जातो. तो परत होत नाही, म्हणून तारीख पक्की झाल्यावरच काढा. आणि बाझेल, बर्न किंवा जिनिव्हात हॉटेलला उतरणार असाल तर शहरातल्या ट्राम-बससाठी वेगळे पैसे काढूच नका; तिथल्या हॉटेलांत मुक्कामाबरोबर शहरात फिरायचं कार्ड मिळतं.