मृत्यूचा दाखला दाखवला तरी मेसेज उघडत नाहीत

"मृत्यूचा दाखला पाठवला की व्हॉट्सॲपवाले माणसाचे सारे मेसेज काढून देतात." आमच्या यवतमाळकडच्या गावांत पारावर हे किती वर्षांपासून ऐकतोय. हे साफ चूक आहे.

२०१६ पासून तिथला मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. किल्ली कंपनीकडे नसतेच, मग दाखला पाहून ती देणार काय? सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, कारण नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. इथं दप्तरच फोनमध्ये आहे.

शेजारच्या काकांना लकवा मारला, तेव्हा काकूंनी त्यांचा अंगठा धरून फोनवर टेकवला. पण फोन चार्जिंग संपून बंद पडलेला. चालू झाल्यावर तो आधी पिनच मागतो, अंगठा घेत नाही. काकांना बोलता येईना. कृषी केंद्राच्या उधारीचा सारा हिशेब त्यातच अडकला.

फोनचा पिन कागदावर लिहून बंद पाकिटात, सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. घरातल्या एकाला तरी जागा सांगा. गुगल खात्याचं वेगळं आहे: 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आधीच माणूस नेमला, तर खातं ठरवलेले ३ ते १८ महिने न वापरल्यास त्याला निवडलेला डेटा मिळतो.