कूलिंग सिस्टिमच्या दोषामुळे होणारा गाड्यांचा रिकॉल

गाड्या विकून झाल्यावर त्यांच्या कूलिंग सिस्टिममध्ये असा दोष सापडला की ज्याने आग लागू शकते किंवा भर रस्त्यात इंजिन बंद पडू शकतं, तर कंपनीने चासी नंबरवरून त्या सगळ्या गाड्या शोधायच्या, मालकांना कळवायचं आणि फुकटात दुरुस्त करून द्यायच्या, याला सेफ्टी रिकॉल म्हणतात. एखाद्या गाडीचा होजपाईप फुटला तर ते गॅरेजचं काम, पण एकाच डिझाइनच्या हजारो गाड्यांत तोच दोष असेल तर तो रिकॉलचा विषय.

आता कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, संपल्याने आग कशी लागते हे नीट समजून घ्यायला हवं. टेम्परेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो, कूलंटच निघून गेलं की तो हवेचं नाहीतर वाफेचं तापमान वाचतो, म्हणजे काटा मधेच राहू शकतो आणि ड्रायव्हर निर्धास्त, तोवर आत अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापून तडकतं, तडकलेल्या जागेतून ऑइल गळतं आणि ते तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर) पडलं की पेट घेतं.

फोर्डच्या १.६ लिटर इकोबूस्ट इंजिनाचं नेमकं हेच झालं. अमेरिकेत २०१२ च्या शेवटी एस्केप आणि फ्यूजन मिळून सुमारे ८९ हजार गाड्या बोलावल्या, तेव्हा तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका असं सांगितलं होतं, आणि उपाय काय तर सॉफ्टवेअर अपडेट. वर्षभरात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, एस्केपच्या १ लाख ६१ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मग मार्च २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेत आणखी सुमारे २ लाख ३० हजार, तोपर्यंत आगीच्या २९ तक्रारी आल्या होत्या, आणि या वेळी कूलंटची लेव्हल कमी झाल्याचं सांगणारा सेन्सर बसवून द्यायचं ठरलं. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

त्याच इंजिनाची फोर्डची कुगा ही गाडी दक्षिण आफ्रिकेत एकामागोमाग एक पेटत होती, लोक जळालेल्या गाड्यांचे फोटो टाकत होते, शेवटी तिथल्या नॅशनल कन्झ्युमर कमिशनच्या दबावानंतर १६ जानेवारी २०१७ ला ४,५५६ गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. या सगळ्या स्पेनमध्ये बनलेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये एका कुगात माणूस जळून गेला होता, पण ती आग याच दोषाची होती का यावर कुटुंबाचं आणि कंपनीचं कधी जमलं नाही.

कधीकधी कूलिंगसाठी लावलेला पार्टच पेटतो. ऑडीच्या २ लिटर टर्बो गाड्यांत कूलंटचा इलेक्ट्रिक पंप कचऱ्याने अडकून तापायचा, २०१७ मध्ये सॉफ्टवेअर बदलून बघितलं, भागलं नाही म्हणून २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे १२ लाख गाड्या पुन्हा बोलावून पंपच बदलायला घेतले. कोरियात २०१८ च्या उन्हाळ्यात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटल्या, तिथे इजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर गार करणाऱ्या भागातून, गळलेलं कूलंट काजळीत मिसळून साचायचं आणि गरम एक्झॉस्टने पेटायचं. एक लाखाहून जास्त गाड्या बोलावल्या आणि ज्यांची तपासणी झाली नव्हती त्या रस्त्यावर आणायला सरकारने बंदीच घातली, इतकं कडक पाऊल क्वचितच कोणी उचलतं.

भारतात २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करायच्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, आता ठराविक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तपासणीचं काम पुण्याच्या एआरएआय (गाड्यांची चाचणी घेणारी संस्था) सारख्या संस्थांकडे जातं. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच आहे, अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत पंधरा वर्षं आहे, आणि रबरी होज, प्लास्टिकच्या टाक्या, पंपाचं सील हे सगळं गाडी जुनी व्हायला लागली की मगच हात टेकतं.