पत्र्यावर उमटलेलं ऊन

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली एक फियाट उभी आहे. गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी ही ‘११००’ मॉडेलची गाडी. जुनी माणसं हिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, आणि ते म्हणण्यात लाडच जास्त असतो. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर मी कॅमेरा घेऊन तिथे गेलो, तेव्हा मालक काकांनी ताडपत्री ओढता ओढता सांगितलं, “थांबा की ओ चार दिवस. रंग मारून घेतो, मग काढा फोटो. चकाचक दिसंल बघा.”

मी त्यांना हात जोडून थांबवलं. डेंटर-पेंटरकडे गाडी गेली की पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर फिरतो, आणि साठ-पासष्ट वर्षांत त्या पत्र्यावर जे जे साठलं ते धूळ होऊन गटारात जातं. नंतर लावलेला रंग कितीही सुंदर असला तरी तो या वर्षीचा रंग असतो.

या गाडीचं आणि सोलापूरचं एक नातं आहे. ही मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून आली. ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, १८८२ सालचे. १९५३ साली ते गेले आणि त्याच वर्षी इटलीत फियाटने हे मॉडेल बाजारात आणलं. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर. काकांच्या वडिलांनी हिच्यातून तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोटच्या किती खेपा केल्या याची मोजदाद नाही.

आता पत्र्याकडे. जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे गंज येतो, पण या गाडीला गंज फार थोडा आहे आणि त्याचं श्रेय आपल्या हवेला. लोखंड गंजायला नुसता प्राणवायू पुरत नाही, पत्र्यावर पाण्याचा पातळ थर लागतो. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की डोळ्यांना न दिसणारा असा थर पत्र्यावर धरू लागतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. मुंबईची हवा वर्षातला बराच काळ या रेषेच्या वर असते, शिवाय समुद्राचं मीठ. आपण पडलो पर्जन्यछायेत. मुंबईच्या निम्माही पाऊस आपल्याकडे पडत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवा अशी कोरडी होते की धुतलेलं धोतर घटकेत वाळतं. या फियाटला गंज धरलाय तो फक्त मडगार्डच्या आतल्या कडेला, जिथे काळ्या मातीचा चिखल वर्षानुवर्षं ओल धरून बसला. तिथला रंग फोडासारखा फुगलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त जागा मागतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो.

म्हणजे सोलापूरच्या कोरड्या हवेने पत्रा राखला. रंग मात्र उन्हाने खाल्ला.

त्या काळच्या गाड्यांवर हल्लीसारखा वरचा पारदर्शक लेप नसायचा. रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ, एवढाच थर. उन्हातले अतिनील किरण त्या धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे रेणू तोडतात. तो झिजत जातो आणि रंगाची पूड वर मोकळी पडते. ड्रायव्हरच्या दारावरून मी बोट फिरवलं, तर बोटाला खडूसारखी निळसर राखाडी पूड लागली. पेंटर लोक याला ‘रंग मेला’ म्हणतात. खरं तर त्यातली रंगाची पूड बऱ्याच अंशी शाबूत असते, गेलेली असते ती गुळगुळीत पाठ. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो. खडबडीत झाला की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या उजेडात मूळ रंग फिका दिसतो. कोरडा दगड ओला केला की गडद दिसतो, त्याचं हे उलटं रूप. मी ओल्या कापसाचा बोळा दाराच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत टेकवला. पाण्याने खळगे भरले आणि तेवढ्या ठिपक्यात जुना निळा रंग क्षणभर वर आला. कापसावर पूड येते, म्हणून हे एकदाच, आणि तेही न दिसणाऱ्या कोपऱ्यात.

फोटो काढताना माझ्या सगळ्यात उपयोगी पडला तो पोलरायझर, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर. रंग किंवा काच अशा अधातू पृष्ठभागावरून तिरका परतलेला प्रकाश एकाच प्रतलात डोलू लागतो, आणि फिल्टर योग्य कोनात फिरवला की तो अडतो. हा परिणाम एका ठरावीक कोनाला सर्वात जास्त मिळतो. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली त्याचा नियम मांडला. रंगासाठी ढोबळमानाने सांगायचं तर आपली नजर आणि बॉनेटचा पत्रा यांत ३५ अंशांच्या आसपास कोन हवा. तिथे उभं राहून फिल्टर फिरवत गेलं की बॉनेटवरचं आकाश हळूहळू पुसलं जातं. शेजारचा क्रोमचा बंपर मात्र तसाच झळकत राहतो, कारण धातूवरून परतलेल्या प्रकाशावर हा फिल्टर फारसा चालत नाही.

त्या बंपरवर तपकिरी ठिपके आहेत, मोहरीच्या दाण्याएवढे. क्रोम गंजत नाही, मग हे कुठून आले? क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि त्यात सूक्ष्म भेगा असतात. खरं संरक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो. निकेलला जिथे छिद्र राहिलं तिथून खालच्या लोखंडाचा गंज टाचणीएवढ्या वाटेने वर येतो. जवळून फोटो घेतला तर प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं दिसतं. हे ठिपके घासून काढायचा मोह होतो, पण घासलं की पातळ क्रोम आणखी झिजतं.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यावर रंग सोपवू नका. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे आपोआप रंग जुळवणाऱ्या सोयीला, गंजाचा आणि जुन्या रेग्झिनचा तांबूसपणा दिसला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं चित्र निळसर करून टाकतो. चौकटीत एकदा राखाडी कार्ड धरून फोटो घ्यावा, मग घरी बसून रंग जुळवता येतात. पोचे आणि लांबी (पुट्टी) भरलेल्या जागा बघायच्या तर सकाळी साडेसातच्या आत जावं. ऊन पत्र्याला समांतर सरकत असतं, तेव्हा हाताला न लागणारा खळगाही सावली टाकतो.

ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर मी खूप वेळ घालवला. कोपर टेकायची जागा. तिथे निळा रंग संपून लाल ऑक्साईडचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, दिसतो, आणि प्रायमरच्या मधोमध दोन रुपयाच्या नाण्याएवढा उघडा पत्रा, तपकिरी पण घासून गुळगुळीत झालेला. एकाच्या आत एक असे तीन थर, नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारखे. काकांनी बघितलं आणि नकळत स्वतःचं कोपर तिथे टेकवलं. ते चार बोटं मागे पडलं. वडील उंचीने कमी होते, सीट पुढे ओढून बसायचे, असं ते म्हणाले. डॅशबोर्डवरही एक बांगडीएवढा गोल गडद राहिलाय. तिथे गणपती होता.

मूळ रूपाला आता कायद्यातही किंमत आली आहे. २०२१ पासून, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेल्या, मूळ रूपात सांभाळलेल्या आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. काकांना हे ऐकून बरं वाटलं.

शेवटी मी शिडीवर चढून गाडीचं छत बघितलं. गाडी पूर्वेला तोंड करून उभी असते, उजवी बाजू दक्षिणेला आणि शेडही त्याच बाजूला उघडी. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शून्य सावलीच्या दिवसापासून (त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो) ऑगस्टच्या सुरुवातीच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, उरलेलं वर्षभर दक्षिणेला. म्हणून छताची दक्षिणेची बाजू खडूसारखी आणि उत्तरेची अजून तुकतुकीत. फिल्टर फिरवला तशी तुकतुकीत बाजू आकाश टाकून गर्द निळी झाली. विटकी बाजू जवळपास होती तशीच राहिली, कारण विखुरलेल्या उजेडावर फिल्टरचा जोर चालत नाही. दोन्हींच्या मधली सीमा स्पष्ट झाली. रेघ म्हणण्यापेक्षा पट्टाच, कारण सूर्य वर्षभर सरकतो.

पण अशा सीमा दोन होत्या. एक ठळक, दक्षिणेच्या कडेपासून वीतभर आत, शेडच्या आजच्या कडेच्या बरोबर खाली. दुसरी तिच्याहून दोन फूट आत, उत्तरेकडे, अगदी पुसट. दोन्हींच्या मधल्या भागाने थोडीच वर्षं ऊन खाल्लं होतं. मी शिडीवरूनच काकांना विचारलं, शेड पूर्वी लहान होती का?

ते थोडा वेळ वर पत्र्यांकडे बघत राहिले. “म्हशी विकल्या तवा गोठ्याचे पत्रे निघाले होते,” ते म्हणाले. “आईनं ते इकडं लावून घेतले. गाडीला ऊन लागतंय म्हणून.”