गुरुवारच्या आत

माझ्या कपाटात सिनेमाच्या अकरा वह्या आहेत. पहिली शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं दाभणाने शिवून केलेली, शेवटची चांगल्या कागदाची, महाग. मजकूर मात्र सगळीकडे एकाच घाटाचा. तारीख, टॉकीज, तिकिटाचे पैसे, बरोबर कोण होतं, आणि खाली चार-सहा ओळी. क्वचित एखादं पान भरून.

हे कशासाठी लिहीत आलास, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. पूर्वी मी आवड, व्यासंग वगैरे सांगायचो. खरं कारण साधं आहे: सिनेमा गुरुवारी उतरायचा.

ज्यांनी हे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. सिनेमा शुक्रवारी लागायचा. चालला तर आठवडा वाढायचा, नाहीतर गुरुवारचा शेवटचा खेळ झाला की ऑपरेटर रिळं गुंडाळून पत्र्याच्या पेट्यांत भरायचा आणि त्या पेट्या एसटीच्या टपावर चढायच्या. पस्तीस एमएमचं हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं, त्यामुळे अडीच तासांच्या सिनेमाचं ओझं चांगलंच होतं. प्रिंटा मोजक्याच निघत. त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. आमच्या गावी पोचेपर्यंत सिनेमा वर्षाचा झालेला असायचा, पडद्यावर पावसासारख्या रेघा पडायच्या, आणि तुटलेली फिल्म ठिकठिकाणी कापून जोडल्यामुळे पात्रं वाक्य अर्धं टाकून दुसऱ्या खोलीत पोचायची. एकदा गेलेला सिनेमा परत येईल याची खात्री नसे. आला तर मॅटिनीला, नाहीतर जत्रेत तंबूत. म्हणून गुरुवारच्या आत बघायचा आणि बघून आल्यावर लिहायचा. लिहिलं नाही तर तो गेलाच.

पहिल्या वहीत १९८३ सालची एक नोंद आहे: ‘मध्यंतरानंतरचं गाणं कापलेलं. शेजारच्या माणसाने अख्खं म्हटलं. कोणी ओरडलं नाही.’ सिनेमाचं नाव मुद्दाम सांगत नाही, फारसा चांगला नव्हता.

पण ही सवय माझी एकट्याची नाही आणि माझ्यापासून सुरूही झालेली नाही. आपल्याकडे सिनेमा आणि सिनेमावरचं लेखन यांची गाठ पहिल्यापासूनच आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी दादासाहेब फाळके गिरगावात ‘अमेरिका इंडिया’ या चित्रगृहात ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट बघून बाहेर पडले. ती हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती फाळक्यांनी स्वतः लिहिली म्हणून. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहिली. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम कसे उभे राहिले, पुढच्या खेळाला पत्नीला, सरस्वतीबाईंना कसं नेलं, हे सगळं त्या लेखांत आहे. पुढे त्यांनी इतके खेळ बघितले की काही काळ दृष्टीच गेली. तंत्र शिकायला १९१२ साली ते लंडनला गेले आणि तिथे ज्याचा दरवाजा ठोठावला तो माणूस कोण? ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाचा संपादक. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, त्याच्या मागे असा एक बघणारा, वाचणारा आणि नंतर लिहिणारा माणूस होता. फाळक्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो. मला ते आधी प्रेक्षक वाटतात.

त्यानंतर छापील पानांचा काळ आला. १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ काढलं. मासिक इंग्रजी, पण माणूस अस्सल इथला, आणि जीभ अशी की निर्माते अंक हातात घेताना घाबरत. त्यांच्या परीक्षणांपेक्षा वाचकांच्या प्रश्नांना दिलेली खवचट उत्तरं जास्त वाचली जात. मराठीत पुढे नाशिकहून निघणारं ‘रसरंग’ घराघरांत गेलं. केशकर्तनालयातल्या बाकावर त्याचे अंक असायचे, अर्धी पानं फाटलेली. इसाक मुजावरांसारखे पत्रकार त्या काळात सिनेमाची बातमी देता देता त्याचा इतिहास जमवत होते. गॉसिप आणि इतिहास एकाच पेनातून उतरू शकतात, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

तरी या सगळ्यापेक्षा माझ्या वह्यांचं जवळचं नातं आहे ते सायक्लोस्टाइल कागदांशी, स्टेन्सिलवरून शाईने प्रती काढलेल्या. म्हणजे फिल्म सोसायट्यांशी.

२४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि इटालियन दिग्दर्शक द सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ इथल्या लोकांनी बघितला. त्याच्या पाच वर्षं आधी कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी फिल्म सोसायटी काढली होती. १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष पुन्हा रायच. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. सोसायटीची रीत सगळीकडे सारखीच. वर्गणी भरून सभासद व्हायचं. वकिलातींकडून, फ्रेंचांच्या अलियाँस फ्राँसेजकडून, जर्मनांच्या मॅक्स म्युलर भवनातून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून प्रिंट यायची, बऱ्याचदा सोळा एमएमची. शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या, मागे खरखरणारा प्रोजेक्टर, रीळ बदलताना लागणारा दिवा. आणि दारात हातात पडणारा तो कागद. दिग्दर्शकाचं नाव, साल, कथा दोन परिच्छेदांत, खाली एखादं निरीक्षण. शाई हाताला लागायची.

सोसायट्यांच्या खेळांना नेहमीच्या सेन्सॉरमधून सूट होती, आणि केवळ त्यासाठी सभासद झालेली मंडळी कमी नव्हती हे कबूल करायला हवं. ‘हवं ते’ दृश्य येऊन गेलं की मागच्या दोन रांगा रिकाम्या व्हायच्या. पण त्यांच्या वर्गणीवर उरलेल्यांना पोलिश आणि हंगेरियन सिनेमा बघायला मिळाला, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तो कागद लिहिणारे कोण होते? बँकेतले, एलआयसीतले, कॉलेजातले, एखादा रेल्वेतला. त्यांना कोणी मानधन देत नव्हतं. कितीतरी वेळा त्यांनी स्वतःही तो सिनेमा अजून पाहिलेला नसायचा. परदेशी मासिकांतून माहिती उतरवून काढलेली असायची. पुढच्या महिन्याच्या कागदावर मग कोणीतरी बघितल्यानंतरचं लिहायचं, आणि ते आधीच्या कागदाशी जुळत नसे. मराठीतली चित्रपटसमीक्षा मला तिथे, त्या दोन कागदांच्या फरकात, जन्मलेली दिसते. याला पुण्याने बळ दिलं. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, सतीश बहादूर शिकवायला होते, आणि चित्रपट रसास्वादाचं शिबिर करून आलेला शिक्षक आपल्या गावी परत जाऊन सोसायटी काढायचा. त्या वातावरणातूनच १९८५ साली अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ आलं आणि सिनेमावरच्या सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार एका मराठी पुस्तकाला मिळाला. सिनेमा ‘कसा आहे’ याऐवजी ‘कसा केला आहे’ हे मराठीत इतक्या सावकाशीने लिहिता येतं, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. त्यानंतर माझ्या वहीतल्या नोंदी लांबल्या. चांगल्या झाल्या असं नाही, लांबल्या.

संग्रहालयाचं नाव निघालं की पी. के. नायर यांच्यापाशी थांबावंच लागतं. हा माणूस लहानपणी सिनेमाची तिकिटं जमवायचा. पुढे संग्रहालयात अंधारात बसून, छोट्या विजेरीच्या उजेडात, रिळागणिक टिपणं काढायचा. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं त्यांनी मिळवली, चारांपैकी दोनच होती. १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हजारो चित्रपट जमवले. त्यांच्या हातून निसटलेले त्याहून जास्त. आपल्याकडे हजारावर मूकपट तयार झाले, त्यांतले पूर्ण शिल्लक आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेच नाही. तेव्हाच्या फिल्मवर चांदीचा थर असे आणि जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकली जात; ‘आलम आरा’ची शेवटची रिळंही तशीच गेल्याचं नायर सांगत. त्यात भर म्हणून ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या फिल्मवरच्या शेकडो चित्रपटांची राख झाली. प्रभात स्टुडिओच्या चित्रपटांचे मूळ प्रिंट त्यात होते.

मग ‘आलम आरा’बद्दल आपल्याला जे कळतं ते कशातून? जाहिरातींतून, छायाचित्रांतून आणि गाण्यांच्या चोपडीतून. टॉकीजच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणारी ती पातळ चोपडी, जिच्यात कथेचा सारांश अर्ध्यावर तोडून ‘पुढे काय होते ते पडद्यावर पाहा’ असं छापलेलं असायचं, ती सिनेमापेक्षा जास्त जगली. कानपूरमध्ये स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी अशा चोपड्या, रेकॉर्डी, जुने अंक जमवून ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड काढले, पहिला प्रसिद्ध झाला १९८० साली. मागे विद्यापीठ नाही, सरकारी खातं नाही. बँक सुटल्यावरचे तास, आणि गावोगावच्या शौकिनांनी पाठवलेली पत्रं. या कोशावर आजही संशोधक उभे आहेत. कोणाच्या तरी ट्रंकेतला कागद इतिहासाला पुरतो, हे बघून माझ्या वह्या रद्दीत टाकण्याचा विचार मी दोनदा रद्द केला.

मधला काळ भराभर सांगता येतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं, वर्षभराने सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे आणि जेवून आडव्या झालेल्या महाराष्ट्राने मल्याळी, बंगाली सिनेमे अर्धवट झोपेत पाहिले. सोसायट्यांना ओहोटी लागली. भाड्याचा व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन कॅसेट बघायची चाल पडली. माझ्या वहीत त्या वर्षांच्या नोंदी सर्वांत वाईट आहेत. पहाटे चारला बघितलेल्या सिनेमाबद्दल काय लिहिणार? केबल, सीडी, डीव्हीडी, मग मल्टिप्लेक्स. पुण्यातला पिफ आणि मुंबईतला थर्ड आय हे चित्रपट महोत्सव, दोन्ही २००२ चे. तिथे जुने सोसायटीवाले पांढऱ्या केसांनी पुन्हा रांगेत दिसले.

२०१० च्या आसपास रिळंच संपली. प्रोजेक्टर डिजिटल झाले. आमच्या गावच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं आहे आणि प्रोजेक्शनच्या खोलीत आता वाढप्यांची भांडी असतात. ऑपरेटरमामा गेले तेव्हा त्यांच्या घरी फिल्मचे तुकडे सापडले, गोणपाटात बांधलेले. कापलेली गाणी कुठे जात होती, ते तेव्हा कळलं. मुलाने ती नेमकी कोणाला दिली, ते त्यालाही आठवत नाही.

आता गुरुवार राहिला नाही. सगळं कायम हाताशी आहे असा समज आहे, पण तो समजच. फोनवरच्या यादीत ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला सिनेमा एका सकाळी नसतोच. करार संपलेला असतो. पूर्वी निदान पेपरात ‘शेवटचे तीन दिवस’ अशी चौकट यायची.

गेल्या महिन्यात १९८३ च्या त्या नोंदीतला सिनेमा मला फोनवर सापडला. प्रिंट स्वच्छ, आणि मध्यंतरानंतरचं गाणं शाबूत. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा पाहिलं. नायिका बागेत पळते, नायक झाडामागून येतो, वाद्यं फार. शिवलेली वही काढून त्या नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘गाणं पाहिलं. शेजारच्याने बरं म्हटलं होतं.’