खासगी दवाखान्यातील क्षयरुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद: कोणी, केव्हा आणि कोणत्या माहितीसह करावी

क्षयरोगाचा रुग्ण सरकारी दवाखान्यात आला काय किंवा खासगी दवाखान्यात, त्याची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे. ही नोंद ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर केली जाते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने डॉक्टर व रुग्णालयांबरोबरच प्रयोगशाळा आणि औषध विक्रेते यांची जबाबदारी स्पष्ट केली आणि कसूर झाल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली कारवाईची तरतूद केली. भारतीय न्याय संहितेत ही कलमे आता २७१ व २७२ अशी आहेत.

नोंद नेमकी कोणाची करायची, याबद्दल अनुभवी डॉक्टरांमध्येही गैरसमज आढळतात. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णाचीच नोंद करायची, हा त्यातला सर्वांत नुकसानकारक समज आहे. मानेतील गाठी, मणका, मेंदूचे आवरण किंवा फुप्फुसाभोवतीचे पाणी, यांपैकी कोठेही क्षयरोग असला तरी तो रुग्ण नोंदणीस पात्र असतो. प्रयोगशाळेत जंतू दिसले नाहीत, पण लक्षणे आणि एक्स-रे पाहून डॉक्टरांनी क्षयरोगाचे निदान करून औषधे सुरू केली, तर अशा रुग्णाचीही नोंद करावीच लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांची थुंकी मिळणेच अनेकदा कठीण असते.

दवाखान्याची नोंदणी एकदाच करावी लागते. डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा पत्ता, मोबाईल क्रमांक आणि मानधनासाठी बँक खात्याचा तपशील तयार ठेवून जिल्हा किंवा शहर क्षयरोग अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. एकदा लॉगिन मिळाले की रुग्णाची नोंद दवाखान्यातूनच करता येते. संगणकाची सोय नसेल, तर विहित नमुना भरून त्याच कार्यालयाकडे देता येतो.

रुग्णाचे नाव, वय, लिंग, मोबाईल क्रमांक, पूर्ण पत्ता, निदानाचा आधार, आजाराची जागा, पूर्वी उपचार झाले होते का आणि औषधे कधी सुरू केली, ही माहिती नमुन्यात भरावी लागते. पत्त्याच्या रकान्यात नुसते ‘धारावी’ किंवा ‘हडपसर’ लिहिले, तर घरभेटीला निघालेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही. चाळीचे नाव, खोली क्रमांक आणि जवळची ठळक खूण अवश्य लिहावी. आधार कार्ड सोबत नाही म्हणून नोंद अडवून ठेवू नये. ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत पुढच्या भेटीत घेता येते.

नोंद निदानाच्या दिवशीच करणे रुग्णाच्या हिताचे आहे, कारण पुढची सगळी मदत नोंदीनंतर रुग्णाला मिळणाऱ्या निक्षय क्रमांकावरच अवलंबून असते. रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाला जंतू दाद देत नाहीत का, हे सांगणारी जलद तपासणी आणि मोफत औषधे सरकारी यंत्रणेकडून मिळवून देता येतात. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेची दरमहा १,००० रुपयांप्रमाणे होणारी रक्कम थेट रुग्णाच्या खात्यात जमा होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम दरमहा ५०० रुपये होती. घरातील व्यक्तींची तपासणी होते आणि ज्यांना आजार नाही, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना, प्रतिबंधात्मक औषधे दिली जातात. घरी कर्मचारी येतील आणि त्यांचा उद्देश काय, हे डॉक्टरांनी रुग्णाला आधीच समजावून सांगावे. शेजारी कळेल या भीतीने चुकीचा पत्ता देणारे रुग्ण असतात, आणि ती भीती डॉक्टरांच्या शब्दानेच कमी होऊ शकते.

औषध विक्रेत्यांसाठी प्रमुख क्षयरोगविरोधी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या कायदेशीर यादीत आहेत. त्यांची विक्री करताना रुग्णाचे व औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तीच माहिती कळवण्यासाठीही उपयोगी पडते.

खासगी डॉक्टरांना नोंदीसाठी ५०० रुपये आणि उपचारांचा निष्कर्ष कळवल्यावर आणखी ५०० रुपये मानधन मिळते. हा दुसरा टप्पा फार वेळा राहून जातो. रुग्ण मध्येच गावी गेला, तर नवी नोंद न करता तोच निक्षय क्रमांक त्या जिल्ह्याकडे वर्ग करण्यास सांगावे, म्हणजे औषधे आणि पोषणाची रक्कम खंडित होत नाही. अडचण आल्यास १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही विचारणा करता येते.